चित्राआधी भिंत पाहा

नमस्कार श्रोतेहो.

हल्ली परदेशी निघालेली मंडळी संग्रहालयांच्या जोडीला भिंतींचीही यादी करतात. कुठल्या शहरात, कुठल्या गल्लीत कोणतं प्रसिद्ध भित्तिचित्र आहे, ते आधीच शोधून ठेवतात. मलेशियात पेनांगला जाल तर जॉर्जटाउनमध्ये सायकलवरची दोन मुलं पाहायला गर्दी असते. मुलं भिंतीवर रंगवलेली, सायकल मात्र खरी, भिंतीला टेकवून बसवलेली. अर्नेस्ट झाखारेविच या लिथुआनियन चित्रकाराचं हे २०१२ मधलं काम. लोक येतात, सायकलशेजारी उभे राहतात, फोटो काढतात आणि पुढच्या भिंतीकडे जातात. त्यात वावगं काही नाही. पण आज मी ज्या भिंतीबद्दल बोलणार आहे, तिथून नुसता फोटो काढून निघालात तर मुख्य गोष्ट पाहायचीच राहील.

ही भिंत बर्लिनची. श्प्रे नदीच्या काठाने, म्युलेनश्ट्रासे या रस्त्यालगत बर्लिनच्या भिंतीचा १,३१६ मीटर लांबीचा तुकडा अजून उभा आहे. त्याला ईस्ट साइड गॅलरी म्हणतात. तिकीट नाही, दार नाही, वेळेचं बंधन नाही. ओस्टबानहोफ स्टेशनवर उतरा आणि चालत सुटा.

भिंत जवळजवळ दोन पुरुष उंच आहे. चित्रं पाहण्याआधी एक करा. तुम्ही भिंतीच्या कोणत्या बाजूला उभे आहात, ते समजून घ्या. १९६१ ते १९८९ या काळात ही भिंत कम्युनिस्ट पूर्व बर्लिनला पश्चिम बर्लिनपासून तोडत होती, तेव्हा पश्चिम बर्लिनकडची बाजू रंगांनी भरून गेली होती. लोक तिथे घोषणा लिहीत, चित्रं काढत. पूर्वेकडची बाजू मात्र कोरी, पांढरी. तिच्या जवळ जायचीही सोय नव्हती, मग ब्रश लावणं दूरच. म्युलेनश्ट्रासेवर आज जी चित्रं दिसतात ती याच पूर्वेकडच्या अंगावर आहेत. ९ नोव्हेंबर १९८९ ला सीमा खुली झाली आणि १९९० मध्ये २१ देशांतल्या ११८ चित्रकारांनी इथे रंग लावला. अठ्ठावीस वर्षं ज्या बाजूला बोट लावता येत नव्हतं तिथे ही माणसं शिड्या लावून उभी राहिली. मला या गॅलरीतलं सगळ्यात मोठं चित्र हेच वाटतं.

गर्दी असते ती सोव्हिएत नेते ब्रेझनेव्ह आणि पूर्व जर्मनीचे नेते होनेकर यांच्या चुंबनापाशी. ते चित्रकाराच्या मनचं नाही. १९७९ मध्ये पूर्व जर्मनीच्या तिसाव्या वर्धापनदिनी दोघं नेते खरोखरच तसे भेटले होते आणि तो फोटो जगभर छापून आला होता. दिमित्री व्रुबेल या रशियन चित्रकाराने तो भिंतीएवढा केला आणि खाली लिहिलं, 'देवा, या जीवघेण्या प्रेमातून मला तारून ने.' बिर्गिट किंडर या चित्रकर्तीने काढलेली, भिंत फोडून बाहेर येणारी त्राबान्ट ही पूर्व जर्मनीची छोटी मोटारही अशीच लोकप्रिय. तिची नंबरप्लेट नीट वाचा, तिच्यावर भिंत पडल्याची तारीख आहे.

मी स्वतः रेंगाळतो तो थिएरी न्वारच्या डोक्यांपाशी. लांबट चेहरे, जाड ओठ, मोठाले डोळे, सपाट भडक रंग. लहान मुलाने काढावीत इतकी सोपी. पण हा फ्रेंच माणूस १९८४ पासून पश्चिमेच्या बाजूने भिंत रंगवत होता, तेव्हा त्याच्या पायाखालची जमीन पूर्व जर्मनीची होती, कारण भिंत सीमारेषेच्या थोडी आत बांधलेली होती. सैनिक कधीही येऊन पकडू शकत. त्यामुळे चित्र झटपट उरकायला हवं. दोन-तीन रंग, एक रेषा, की पळ काढायचा. त्या सोपेपणामागे ही घाई आहे, हे कळलं की ते चेहरे वेगळेच दिसायला लागतात.

आता एक गोष्ट अनेकांना खटकते. आज दिसणारी बरीचशी चित्रं १९९० ची नाहीत. ऊन, पाऊस, थंडी, गाड्यांचा धूर आणि येणाऱ्याजाणाऱ्यांनी खरडलेली नावं यांनी रंगाचे पोपडे निघाले होते. २००९ मध्ये काँक्रीटची डागडुजी झाली आणि चित्रकारांना बोलावून तीच चित्रं पुन्हा काढून घेतली. व्रुबेलनेही चुंबन नव्याने रंगवलं. काहींनी मात्र साफ नकार दिला. मला दोन्ही बाजू पटतात. तरीही भिंत राहिली पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. २०१३ मध्ये नदीकाठच्या महागड्या घरांसाठी भिंतीचा काही भाग हलवायला घेतला तेव्हा हजारो बर्लिनकर रस्त्यावर उतरले होते, आणि ते योग्यच होतं. म्हणून कळकळीची विनंती, तिथे आपलं नाव, आपल्या गावाचं नाव लिहू नका.

भिंत संपली की ओबरबाउम पूल ओलांडून नदीपलीकडच्या क्रॉइत्सबर्ग भागात जा. तिथे कुव्रीश्ट्रासेवर ब्लू या इटालियन चित्रकाराची दोन प्रचंड चित्रं होती, बर्लिनच्या पोस्टकार्डांवर झळकणारी. आजूबाजूच्या जागांचे भाव वाढत चालले आणि त्याच चित्रांच्या जोरावर तो भाग विकला जाऊ लागला. तेव्हा, डिसेंबर २०१४ मध्ये, ती चित्रं काळ्या रंगाने पुसून टाकली, आणि तीही खुद्द चित्रकाराच्या संमतीने. जुन्या प्रवासपुस्तकांत तो पत्ता अजून सापडेल. तिथे चित्र नाही, तरी जा. ईस्ट साइड गॅलरीपासून ते अंतर पायीच जाण्यासारखं आहे.