आधी मीठ, मग तेल

(मालवण, दांडी किनाऱ्याजवळचं कौलारू घर. आषाढातली सकाळ. पडवीतल्या फळीवर ठेवलेली सुताराची पटाशी. कॅमेरा पात्याच्या अगदी जवळ.)

काल संध्याकाळी या पात्यात स्वतःचं तोंड दिसत होतं. धार लावली, फडक्याने पुसलं आणि फळीवर ठेवलं. रात्रभर पाऊस कोसळला, पण पडवीत थेंब आला नाही. फळी कोरडी, पातंही कोरडं. तरी सकाळी हे असं. कुणी चिमूटभर मसाला फुंकून टाकावा तसे तांबूस ठिपके.

बोटाने पुसलं तर अर्धे निघतात.

आमच्याकडे कुणालाही विचारा, लोखंड कशाने गंजतं? पावसाने. उत्तर ठरलेलं. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यामुळे त्याच्या नावावर काहीही खपतं. पण एकदा समुद्राकडे तोंड असलेल्या घराचं लोखंडी रेलिंग नीट बघा. पावसात न्हाणारी वरची बाजू बरी असते. छपराखालचा, कधीच न भिजणारा भाग आधी सोलतो. पाऊस पडला की रेलिंगला आंघोळ होते, अंगावरचं काहीतरी धुऊन जातं. आडोशाला असलेल्या लोखंडाच्या नशिबी ती आंघोळ नसते.

हे काहीतरी म्हणजे मीठ.

(लाटा फुटताना. फेसातून उडणारे तुषार. मग स्वयंपाकघर, फडताळातली मिठाची बरणी, तळाशी सुटलेलं पाणी.)

लाट फुटते तेव्हा बारीक तुषार वाऱ्यावर चढतात. समुद्राच्या लिटरभर पाण्यात ३५ ग्रॅमच्या आसपास क्षार. तुषारातलं पाणी वाटेत उडतं, क्षार तेवढे घरात येतात. किनाऱ्यालगत सगळ्यात जास्त, आत जावं तसे झपाट्याने कमी. दांडीतला सुतार आणि सावंतवाडीतला सुतार एकच पटाशी वापरत असतील, पण त्यांचा पावसाळा एक नसतो.

आता ही बरणी. खडेमीठ पावसाळ्यात पाझरतं हे इथल्या पोरासोरांना ठाऊक. शुद्ध मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं. पण समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते ३३ टक्क्यांपासूनच पाणी ओढतं. शिरोड्याला जिथे १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला, तिथल्या मिठागरातल्या मिठालाही हाच नियम आणि पटाशीवर बसलेल्या अदृश्य कणालाही हाच. कोकणात आर्द्रता ३३ टक्क्यांच्या खाली जाणार कधी? म्हणजे ज्या पात्यावर मीठ बसलंय, ते हाताला कोरडं लागलं तरी कोरडं नसतं. त्या कणाभोवती पाण्याचं एक सूक्ष्म डबकं असतं. पाणी, हवेतला प्राणवायू आणि त्या डबक्यातून वीज वाहून नेणारे क्षार. गंज चढायला यापेक्षा जास्त काही लागत नाही.

आणि एकदा चढला की तो गप्प बसत नाही. गंज स्पंजासारखा सच्छिद्र असतो, मूळ लोखंडाहून कितीतरी जास्त जागा घेतो. तो स्वतःच ओल धरून ठेवतो. म्हणून आज बोटाने निघणारा ठिपका आठवडाभराने निघत नाही, आणि महिन्याने निघाला तरी खाली काळी खळगी सोडून जातो.

(लाकडी पेटी. झाकण उघडतं. आत पटाश्या, रंधा, गुण्या, कानस.)

ही पेटी माझ्या आजोबांची. ते गेल्यावर पाचसहा वर्षं ती माळ्यावर होती. मी खाली काढली तेव्हा बहुतेक पात्यांवर तांबेरा होता, पण हलका. ते बघून माझ्यातला हौशी कारागीर जागा झाला. कुठेतरी ऐकलं होतं, आंबट लावा, गंज जातो. घरात आंबटाला काय तोटा? आगळाची बाटली समोरच. एक पटाशी पसरट वाडग्यात ठेवली आणि वर कोकमाचं आगळ ओतलं.

खरं सांगतो, दहा मिनिटांत जादू झाली. तांबूस सगळं सुटून आलं. मी पातं पुसलं, फोटोसुद्धा काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पातं आधीपेक्षा वाईट होतं. नारिंगी. आणि नारिंगीच्या खाली चकाकी गेलेली, पाटीवरचा खडू पुसल्यासारखा राखाडी रंग.

दोन चुका एकदम झाल्या होत्या. आंबट गंज खातं तसं लोखंडही खातं. कोकम असो, लिंबू असो की व्हिनेगर, आम्लाला गंज कुठे संपला आणि पोलाद कुठे सुरू झालं हे कळत नाही. शेतातल्या कोयत्याला ते चालून जातं. पॉलिश केलेल्या पात्याची चकाकी मात्र त्यात जाते. दुसरी चूक मला शेजारच्या आबांनी दाखवली. ते सुतार, आजोबांच्या हाताखाली शिकलेले. त्यांनी बाटली उचलली, वास घेतला आणि एवढंच विचारलं, "ह्यात मीठ असता, म्हायत असा मां?"

आगळ टिकावं म्हणून त्यात मीठ घालतात, हे मी रोज सोलकढी पिणारा माणूस विसरलो होतो. मी समुद्र बाटलीतून ओतला होता. लिंबू आणि मीठ एकत्र चोळा, हा उपायही याच पंगतीतला. त्या दिवशी चकचकीत आणि चार दिवसांनी रडारड.

(आबांचे हात. कळशीतलं विहिरीचं पाणी. पितळी तपेल्यातून वाफ.)

आता आबा काय करतात ते बघा. गंजाला ते हातच लावत नाहीत. आधी पातं आंघोळीच्या पाण्याइतक्या गरम, गोड्या पाण्यात. भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब. मऊ फडक्याने पाठपोट धुतात, मग पुन्हा साध्या पाण्यातून काढतात.

मला हे बघवेना. लोखंडाला पाणी लावू नये हे आपण लहानपणापासून ऐकत आलेलो. मी म्हटलं, "आबा, थेट तेलच लावूया की."

"झिला, तेलाखाली मीठ ऱ्हवलां तर तेल काय करतलां?"

मीठ तेलात विरघळत नाही. तेल वरून बसतं, मीठ खाली दबा धरून राहतं, आणि तेलाच्या थरातून ओल हळूहळू झिरपतेच. आपण पातं पुसतो, तेल लावतो, पेटीत ठेवतो आणि महिन्याने पेटीला, तेलाला, हवेला शिव्या देतो. मीठ फक्त पाण्याने जातं. पाण्याला भ्यायचं कारण नाही, ते अंगावर राहू दिलं तर भ्यावं.

म्हणून पुढचं काम घाईचं. सुती फडक्याने टिपायचं आणि चुलीच्या उबेला धरायचं. आच नको, ऊब. हाताला सोसेल इतपत गरम झालं की खाचेतलं, दांड्याच्या बेचक्यातलं पाणीही उडतं. पातं जास्त तापवलं तर पोलादाचं पाणी, म्हणजे त्याचा कडकपणा, उतरतं, मग धार टिकत नाही.

(पात्यावर तेलाचा थेंब. बोट तो पसरवतं. थेंबाचा रंग बदलताना.)

आता गंज. मशीनच्या तेलाचे चार थेंब टाकून आबा पातं बाजूला ठेवतात आणि विडी ओढायला जातात. हा वेळ तेलाचा. ते गंजाच्या खाली शिरतं, त्याची पकड ढिली करतं. अर्ध्या तासाने नुसतं फडकं फिरवलं तरी तेल कोऱ्या चहासारखं होऊन वर येतं. ज्या दिवशी आला त्याच दिवशी पकडलेला गंज इथेच संपतो.

नाही संपला तर बारीक स्टील वूल. भांड्यांची तारेची घासणी नव्हे. चार शून्यांचं (0000 नंबरचं) येतं ते, हातात कापसासारखं लागतं. तेलातच भिजवायचं आणि पातं मुळात ज्या दिशेने घासलेलं आहे त्याच दिशेने ओढायचं. गोल गोल फिरवलं की चकाकीत भोवरे उमटतात आणि ते उन्हात आयुष्यभर दिसतात. शेवटी धातूचं पॉलिश, मऊ कापडावर वाटाण्याएवढं. कापड काळं होतं ते बघून घाबरू नका, ती निघालेली पूड.

पॉलिश पेपरला मात्र आबा हात लावू देत नाहीत. दहा वर्षांच्या गंजाने जेवढं पोलाद खाल्लं नसेल तेवढं उत्साही माणूस एका दुपारी घासून काढतो. मधोमध एक काळा ठिपका राहिलाच तर तो राहू द्यावा. ती खळगी आहे, तिचा तळ गाठायचा तर भोवतालचं सगळं खाली न्यावं लागेल. रंध्याच्या पात्याची पाठ सपाट नसली की रंधा लाकूड तासत नाही, ओरबाडतो.

(शिलाई मशीनचं चमकतं चाक. जुन्या सायकलची रिम.)

मुलामा दिलेल्या वस्तूंचं वेगळं. शिलाई मशीनचं चाक, सायकलची रिम, यांची चमक पोलादाची नसते, वरच्या निकेलची किंवा क्रोमची असते. गंज खालून, सुईच्या टोकाएवढ्या भोकांतून वर येतो. तिथे स्टील वूलही नको. डब्यात पोळ्या गुंडाळायची ॲल्युमिनियमची फॉइल चुरगाळायची, पाण्यात बुडवायची आणि हलक्या हाताने घासायचं. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ, त्यामुळे ओरखडे येत नाहीत. नंतर पुसून मेण.

आणि स्टेनलेस? त्याच्या नावातच डाग नाही, म्हणून रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत नव्या बंगल्यांच्या गॅलऱ्या त्याच्याच. दोन पावसाळ्यांत त्यावर चहा सांडल्यासारखे डाग दिसतात आणि दुकानदाराशी भांडण सुरू होतं. स्टेनलेसमध्ये किमान साडेदहा टक्के क्रोमियम असतं, त्याच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर पोलादाला झाकतो. मिठातलं क्लोराइड तो थर जागोजागी भेदतं. घराघरांत दिसणाऱ्या ३०४ प्रतीत क्लोराइडला अडवणारं मॉलिब्डेनम नसतं. ३१६ मध्ये दोन ते तीन टक्के असतं, म्हणून किनाऱ्यावर ती जास्त तग धरते. पण तिलाही धुवावं लागतंच. स्टेनलेसवर साधं स्टील वूल कधी घासू नका. त्याचे तुटलेले कण रुतून बसतात आणि तेच गंजतात.

(स्वयंपाकघर. विळीवर कापला जाणारा फणस. हाताला तेल.)

माझ्या आजीच्या विळीवर एप्रिल-मेमध्ये कधी तांबेरा पाहिला नाही. कारण फणस. चीक चिकटू नये म्हणून फणस कापण्याआधी हाताला आणि पात्याला खोबरेल चोळायचं. हेतू चिकाचा, फायदा विळीचा. खोबरेल निवडण्यातही अक्कल आहे, कुणी मुद्दाम केली नसेल तरी. त्यातली ९० टक्क्यांच्या आसपास चरबी संपृक्त असते, म्हणून ते हवेने सहजी घट्ट, चिकट होत नाही. जवस किंवा करडई लावून ठेवली तर पात्यावर डिंकासारखा थर जमतो. खाण्याच्या हत्याराला खोबरेल, सुताराच्या हत्याराला मशीनचं तेल, एवढं पुरे. पाणी हाकलायला फवाऱ्याचे डबे चांगले, पण त्यांचा थर पातळ. पावसाळाभर विसंबून राहावं असा नाही.

हाताचा घामही खारटच. पातं पुसून झाल्यावर त्याला बोट लावलं तर चार दिवसांनी गंजाने त्या बोटाचा ठसा काढून दिलेला असतो, रेषा मोजून घ्या.

(कोकण रेल्वेचा रूळ. वरची चकाकती पट्टी, बाजू तांबडी.)

तेलापाण्याशिवाय चकचकीत राहिलेलं पोलाद इथे एकच. सातशे किलोमीटरहून लांब, १९९८ च्या जानेवारीपासून सलग. रुळाचा माथा चाकं घासून लखलखीत ठेवतात. बाजूची लूप लाइन चार दिवस मोकळी राहिली की तांबडी.

(पुन्हा आबांचं घर. भिंतीतलं कपाट. आत पिवळा बल्ब.)

तर हत्यारं ठेवायची कुठे? चामड्याच्या म्यानात नको, वर्तमानपत्रात नको, गोणपाटात तर नकोच. हे सगळे ओल धरतात. आबांचं हे कपाट. तळाला जुना, तारेचा ४० वॉटचा बल्ब, पावसाळाभर चालू. आतली हवा बाहेरच्यापेक्षा चार अंशांनी गरम राहते, म्हणून तिची आर्द्रता उतरते आणि पहाटे थंड पात्याला घाम फुटत नाही. हार्मोनियमवाले हेच करतात. नवे एलईडी बल्ब वीज वाचवतात, पण इथे आपल्याला उष्णताच हवी असते.

पटाश्या आत गेल्या. रंधा उरला. आबांनी तो उपडा केला, तळ पुसला आणि—

(बल्ब विझतो. अंधार. पावसाचा आवाज.)

लाइट गेली. आषाढ आहे, जाणारच. काडी ओढल्याचा आवाज आला, मेणबत्ती लागली. आबांनी ती फळीवर चिकटवली. मग खिसे चाचपून मेणबत्तीचं एक जुनं थोटुक काढलं आणि रंध्याच्या तळावर एक लांब वेलांटी ओढली. फडक्याने ती सगळीकडे पसरवली. या मेणाने रंधा लाकडावरून सरसर जातो आणि पोलादाला ओलही लागत नाही. तेल लावलेला रंधा लाकडावर डाग पाडतो.

"लाइट येयसर कपाटाचां दार उघडू नकात," ते कॅमेऱ्यामागच्या आम्हा सगळ्यांना म्हणाले. "आतली ऊब भायर जातली."

(मेणबत्तीच्या उजेडात रंध्याचा तळ. काळोख.)