आपल्याच विक्रमाचे समालोचन

श्रोतेहो, नमस्कार.

कोणत्याही मोठ्या सामन्याचे प्रक्षेपण सुरू झाले की पहिल्या काही मिनिटांतच एखाद्या निवृत्त खेळाडूचा आवाज आपल्या कानी पडतो. एके काळी समालोचन हा प्रामुख्याने निवेदकांचा आणि क्रीडापत्रकारांचा प्रांत होता आणि माजी खेळाडूला उपाहाराच्या किंवा चहापानाच्या वेळेत चार शब्द बोलण्यासाठी बोलावले जाई. आता क्रिकेट असो, टेनिस असो, फुटबॉल असो की धावण्याच्या शर्यती असोत, खेळ उलगडून सांगण्याचे काम ज्यांनी तो स्वतः खेळला आहे त्यांच्याकडे सोपवले जाते. त्यांपैकी काही जण मला अतिशय प्रिय आहेत आणि ते का प्रिय आहेत, हे आज आपल्याला सांगायचे आहे.

माझी कसोटी दुहेरी आहे. पहिली गोष्ट, विश्लेषकाने आपल्याला जे दिसत नाही ते दाखवावे. दुसरी गोष्ट, ते दाखवताना त्याने स्वतःला बाजूला ठेवावे. पहिली गोष्ट बऱ्याच जणांना साधते, कारण उभे आयुष्य मैदानावर घालवलेल्या माणसाला दोन पावले सरकलेला क्षेत्ररक्षक दिसतो आणि गोलंदाजाच्या मनगटातला बारीकसा फरकही दिसतो. दुसरी गोष्ट मात्र फार थोड्यांना साधते. ज्याने उमेदीची सगळी वर्षे स्वतःला सिद्ध करण्यात घालवली, त्याने दुसऱ्याच्या पराक्रमापुढे स्वतःचा पराक्रम विसरावा, ही अपेक्षा लहान नाही. ती पुरेपूर पूर्ण झाल्याचा एक प्रसंग मला सांगायचा आहे आणि तो सांगण्याचा मला कधीही कंटाळा येत नाही.

मायकेल जॉन्सन हे नाव आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. अमेरिकेचे हे धावपटू ताठ पाठीने आणि छोट्या, भरभर पडणाऱ्या पावलांनी धावत. वेगवान धावपटूने गुडघे उंच उचलून लांब ढांगा टाकाव्यात, या प्रचलित समजुतीला त्यांनी धाब्यावर बसवले होते. 1996 च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये सोनेरी बूट घालून ते उतरले आणि 200 व 400 मीटर या दोन्ही शर्यती एकाच ऑलिम्पिकमध्ये जिंकणारे पहिले पुरुष धावपटू ठरले. 200 मीटरची त्यांची वेळ होती 19.32 सेकंद. त्याच वर्षी काही आठवड्यांपूर्वी त्यांनीच 19.66 सेकंदांचा विश्वविक्रम केला होता आणि तो त्यांनी एका फटक्यात 34 शतांश सेकंदांनी खाली आणला. पुढे 1999 मध्ये सेव्हिल येथील विश्व अजिंक्यपद स्पर्धेत त्यांनी 400 मीटर अंतर 43.18 सेकंदांत कापले, तेव्हा ते बत्तिशीला टेकले होते. हे दोन आकडे, श्रोतेहो, ध्यानात ठेवावेत: 200 मीटरसाठी 19.32 आणि 400 मीटरसाठी 43.18.

निवृत्तीनंतर जॉन्सन बीबीसीसाठी विश्लेषण करू लागले. पहिला आकडा 20 ऑगस्ट 2008 रोजी बीजिंगमध्ये गेला. जमैकाच्या उसेन बोल्टने समोरून वारा येत असतानाही 19.30 सेकंदांत 200 मीटरची शर्यत जिंकली आणि ज्यांचा विक्रम मोडला ते जॉन्सन त्या शर्यतीचे विश्लेषण करण्यासाठी तिथेच हजर होते. इतक्या उंच माणसाला सुरुवात इतकी चपळ जमते याचेच त्यांना नवल वाटले आणि त्यांनी तेच मोकळेपणाने सांगितले. उंच धावपटूला ब्लॉकमधून उठून अंग सरळ करायला वेळ लागतो. बोल्टला तो लागला नाही, हे त्यांनी प्रेक्षकांच्या नजरेस आणून दिले.

दुसरा आकडा मात्र टिकून होता आणि माझा खरा प्रसंग त्याचाच आहे. तारीख 14 ऑगस्ट 2016, ठिकाण रिओ दि जानेरो. त्या रात्री सगळे स्टेडियम बोल्टच्या 100 मीटरच्या अंतिम शर्यतीसाठी ताटकळत होते आणि त्याआधी पुरुषांची 400 मीटरची अंतिम शर्यत व्हायची होती. बीजिंग ऑलिम्पिकचा विजेता लाशॉन मेरिट, लंडन ऑलिम्पिकचा विजेता किरानी जेम्स आणि 2015 चा विश्वविजेता, दक्षिण आफ्रिकेचा वेड व्हॅन नीकर्क, असे तिघे तोडीस तोड धावपटू तिच्यात होते. व्हॅन नीकर्कने आदल्या वर्षी विश्वविजेतेपद मिळवले तेव्हा शर्यत संपल्यावर तो इतका गळून गेला होता की त्याला रुग्णालयात न्यावे लागले होते. त्याच्या प्रशिक्षिका ॲन्स बोथा या तेव्हा 74 वर्षांच्या होत्या. रिओच्या अंतिम शर्यतीत त्याच्या वाट्याला आठवी लेन आली.

आठव्या लेनचा अर्थ इथे नीट समजून घ्यायला हवा. 400 मीटरमध्ये प्रत्येकाला आपापल्या लेनमध्येच पूर्ण फेरी मारावी लागते आणि वळणावर बाहेरची लेन लांब पडत असल्यामुळे बाहेरच्या धावपटूला त्या हिशेबाने पुढे उभे करतात. आठव्या लेनमधला धावपटू म्हणूनच सगळ्यांच्या पुढे उभा असतो. त्याला सगळे पाहू शकतात, पण त्याला कोणीही दिसत नाही. मधल्या लेनमधल्या धावपटूला पाठलाग करायला समोर माणूस असतो आणि त्यावरून आपला वेग बेतता येतो. आठव्या लेनमधल्याला फक्त समोरचा मोकळा ट्रॅक दिसतो आणि मागून येणाऱ्या पावलांची धास्ती असते. प्रत्येक जण मधली लेन मिळवण्यासाठी झटतो, त्याचे कारण हेच आहे.

बंदुकीचा आवाज झाला आणि व्हॅन नीकर्क जीव तोडून धावत सुटला. शेवटच्या वळणातून तिघेही बाहेर पडले तेव्हा शर्यत कोणाचीही होऊ शकली असती. 400 मीटरमध्ये शेवटच्या 100 मीटरला पाय जड होतात, खांदे वर चढतात, पाऊल आखूड पडू लागते. जो कमी मंदावतो तो जिंकतो. जेम्स आणि मेरिट मंदावले. व्हॅन नीकर्क त्यांच्यापासून दूर जात राहिला आणि अंतिम रेषा ओलांडली तेव्हा फलकावर आकडा उमटला: 43.03. जेम्स 43.76 सेकंदांत दुसरा आला आणि मेरिट 43.85 सेकंदांत तिसरा आला. जॉन्सन यांचा सुमारे 17 वर्षे टिकलेला 43.18 चा विक्रम 15 शतांश सेकंदांनी मोडला होता.

आता, श्रोतेहो, विश्लेषकाच्या खुर्चीत बसलेल्या त्या माणसाची कल्पना करावी. ज्या विक्रमामुळे त्याचे नाव प्रत्येक मोठ्या स्पर्धेच्या पुस्तिकेत छापले जात होते, तो शेवटचा वैयक्तिक विश्वविक्रम डोळ्यांदेखत गेला आहे आणि लाखो लोक त्याच्याच तोंडून त्या घटनेचा अर्थ ऐकण्यासाठी थांबले आहेत. जॉन्सन यांनी आधी आश्चर्याचा उद्गार काढला आणि लगेच सांगितले की हे आठव्या लेनमधून घडले आहे, त्याने सुरुवातच विलक्षण वेगाने केली आणि शर्यतीचा दुसरा अर्धा भाग असा धावलेला आपण कधी पाहिला नाही. प्रतिस्पर्ध्यांची त्याने कत्तल उडवली, अशा अर्थाचा शब्द त्यांनी वापरला आणि या तरुणाने खरोखर असामान्य काहीतरी केले आहे, असे ते म्हणाले. त्या प्रतिक्रियेत स्वतःच्या गेलेल्या विक्रमाचा सूर कुठेच नव्हता. आकडा पाहून विक्रम मोडला एवढे कोणालाही कळले असते. आठव्या लेनमधून मोडला म्हणजे नेमके काय झाले, हे सांगायला जॉन्सनच हवे होते. पुन्हा एकदा सांगतो: त्यांनी जे दिसत नव्हते ते दाखवले आणि दाखवताना स्वतःला बाजूला ठेवले.

याच जॉन्सन यांनी 2022 साली युजीन येथील विश्व अजिंक्यपद स्पर्धेत टोबी अमुसानने 100 मीटर अडथळ्यांच्या उपान्त्य फेरीत 12.12 सेकंदांचा विश्वविक्रम केला, तेव्हा वेळ मोजणाऱ्या यंत्रणेबद्दल शंका उपस्थित केली आणि त्यांच्यावर टीकेची झोड उठली. अमुसानचा विक्रम कायम आहे आणि तिच्या चाहत्यांचा राग मला समजू शकतो. तरीही एकाच फेरीत अनेक जणींच्या वेळा अचानक सुधारल्या असतील, तर विश्लेषकाने तसा प्रश्न विचारायलाच हवा, असे माझे मत आहे. ज्याने स्वतःचा विक्रम गेल्यावर मनापासून दाद दिली, त्याच्या शंकेमागे मत्सर असेल असे मला वाटत नाही.

आपल्या ओळखीचे उदाहरण द्यायचे तर रवी शास्त्री यांचे देता येईल. 1985 मध्ये बडोद्याच्या तिलक राज यांच्या एका षटकात त्यांनी सहा षटकार मारले होते आणि 19 सप्टेंबर 2007 रोजी डर्बनमध्ये युवराज सिंगने स्टुअर्ट ब्रॉडच्या षटकात सहा षटकार मारले, तेव्हा ध्वनिक्षेपक शास्त्री यांच्याच हाती होता. तो सहावा षटकार त्यांनी युवराजचाच ठेवला. शास्त्री यांचा चढा आवाज काहींना खटकतो, पण त्या रात्री तो आवाज त्या क्षणाला शोभून दिसला.

तयारीच्या बाबतीत मात्र रिची बेनॉ यांच्या तोडीचा दुसरा माणूस मला दिसत नाही. ऑस्ट्रेलियाचे हे लेगस्पिनर 1956 च्या इंग्लंड दौऱ्यानंतर तिथेच थांबले आणि त्यांनी बीबीसीमध्ये दूरचित्रवाणीचे प्रशिक्षण घेतले. तेव्हा ते अजून कर्णधारही झाले नव्हते, निवृत्ती तर आठ वर्षे दूर होती. आज कित्येक खेळाडू अखेरचा सामना खेळून काही महिन्यांतच समालोचन कक्षात येऊन बसतात आणि ही घाई मला पटत नाही. दृश्यात भर घालता येत असेल तरच बोलावे, हे बेनॉ यांचे सूत्र होते. 12 सप्टेंबर 2005 रोजी ओव्हलच्या मैदानावर ते इंग्लंडमधील 42 वर्षांच्या समालोचनानंतर प्रेक्षकांचा निरोप घेत होते, त्यांचे आभाराचे वाक्य चालू होते आणि तेवढ्यात ग्लेन मॅकग्राने 158 धावांवर खेळणाऱ्या केव्हिन पीटरसनचा त्रिफळा उडवला. बेनॉ यांनी आपला निरोप तसाच सोडला आणि त्याच सुरात बळी सांगितला. निरोप त्यांचा होता, पण सामना चालू होता आणि सामन्याचा मान पहिला.

सुनील गावस्कर यांच्याबद्दल स्वतंत्र भाषण द्यावे लागेल, म्हणून इथे एकच गोष्ट सांगतो. डिसेंबर 2024 मध्ये मेलबर्न कसोटीत ऋषभ पंत स्कॉट बोलंडला पायाच्या दिशेने उचलून मारायला गेला आणि चेंडू भलत्याच दिशेला उडून थर्डमॅनच्या क्षेत्ररक्षकाच्या हाती विसावला, तेव्हा गावस्कर यांनी त्या फटक्याला तीन वेळा मूर्खपणा म्हटले. अनेकांना ते फार कठोर वाटले. तिथे दोन क्षेत्ररक्षक उभे आहेत, आधीचा तसाच फटका चुकला आहे आणि संघ अडचणीत आहे, हे त्यांनी त्याच दमात सांगितले होते; कारणे दिलेली असली की कठोर शब्दही मला खटकत नाहीत. खटकते ते आपल्या जुन्या सहकाऱ्यांना आणि लाडक्या तरुणांना सांभाळून घेणारे गुळमुळीत बोलणे, ज्यातून ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

ओघाने आणखी एक सांगतो. समालोचन कक्षात एकाच वेळी तिघेतिघे बसवण्याची पद्धत बंद व्हायला हवी. तीन माजी खेळाडू एकत्र आले की गप्पा त्यांच्या जुन्या दौऱ्यांकडे वळतात आणि इकडे क्षेत्ररचना बदललेली कोणी सांगतच नाही. दूरचित्रवाणीवर जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक माजी खेळाडूकडून आधी एक मोसम रेडिओवर समालोचन करून घ्यावे, असेही मला वाटते. डोळ्यांसमोर चित्र नसलेल्या श्रोत्यासाठी बोलायची सवय लागली की काय सांगायचे आणि काय गाळायचे, हे आपोआप कळू लागते.

शेवटी तीन नावे घेतो. इयान बिशप हे वेस्ट इंडिजचे वेगवान गोलंदाज होते आणि पाठीच्या दुखापतींनी त्यांची कारकीर्द अकाली संपवली. 3 एप्रिल 2016 रोजी कोलकात्यात ट्वेंटी-20 विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात शेवटच्या षटकात 19 धावा हव्या असताना कार्लोस ब्रेथवेटने बेन स्टोक्सला लागोपाठ चार षटकार मारले, तेव्हा बिशप यांनी ब्रेथवेटचे नाव उच्चारून ते लक्षात ठेवायला सांगितले आणि ते वाक्य आजही लोकांच्या ओठांवर आहे. दुसरे नाव इंग्लंडच्या माजी गोलंदाज ईसा गुहा यांचे आणि तिसरे पुण्यात जन्मलेल्या, ऑस्ट्रेलियाकडून खेळलेल्या लिसा स्थळेकर यांचे. पुरुषांच्या सामन्यांतही या दोघी फिरकी गोलंदाजाची चेंडूवरची पकड किंवा वेगवान गोलंदाजाचा बदललेला टप्पा थोडक्या शब्दांत समजावून सांगतात. पुरुषांच्या कसोटी सामन्यांच्या समालोचनात माजी महिला खेळाडूंना आजच्याहून कितीतरी अधिक वेळ मिळायला हवा आणि येत्या मोसमात तो त्यांना मिळावा, अशी माझी प्रक्षेपण करणाऱ्यांना आग्रहाची विनंती आहे.

नमस्कार.