तेरा वॉल्ट्झ : पियानोवादक दिनू लिपाती

एका जुन्या मैफिलीच्या ध्वनिमुद्रिकेच्या आरंभी कानावर पडणारे हे काही सुटे स्वर कोणत्याही रचनेचा भाग नाहीत. गवयाने बंदिशीआधी षड्ज लावून घ्यावा, तसे जर्मन संगीतकार बाखच्या पार्टिटाला (नृत्यरचनांच्या मालिकेला) हात घालण्यापूर्वी पियानोवादकाने त्या रचनेच्या स्वरात एकदा पट्ट्यांवरून बोटे फिरवून घेतली आहेत. तारीख १६ सप्टेंबर १९५०, गाव फ्रान्समधील बझाँसों आणि वादक दिनू लिपाती, वय वर्षे ३३. त्यांनी या मैफिलीला जाऊ नये, असे त्यांच्या डॉक्टरांचे म्हणणे होते.

दिनू हे नाव आपल्याकडच्या एखाद्या वाड्यातले वाटावे, पण ते कॉन्स्टान्टिन या रोमानियन नावाचे घरगुती रूप आहे. १९ मार्च १९१७ रोजी बुखारेस्टमध्ये त्यांचा जन्म झाला. वडील व्हायोलिन वाजवत, आई पियानो. मुलाचा बाप्तिस्मा झाला तोच मुळी तो पियानो वाजवण्याइतका मोठा झाल्यावर, आणि त्या प्रसंगी त्याने स्वतः मोझार्टचा एक मिन्युएट (नृत्यरचना) वाजवून दाखवला. धर्मपिता म्हणून उभे होते थोर रोमानियन संगीतकार जॉर्जे एनेस्कू. बुखारेस्टमध्ये फ्लोरिका मुझिचेस्कू या कडक शिस्तीच्या शिक्षिकेने त्याचा हात घडवला.

१९३३ साली व्हिएन्नातील आंतरराष्ट्रीय स्पर्धेत या मुलाला दुसरे पारितोषिक मिळाले. पहिले मिळायला हवे होते, अशी खात्री असलेले परीक्षक, पियानोवादक आल्फ्रेड कोर्तो यांनी निषेध म्हणून परीक्षक मंडळाचा राजीनामा दिला आणि पुढे पॅरिसमध्ये त्याला आपल्या हाताखाली घेतले. पॅरिसमध्ये पियानोबरोबर रचनाशास्त्राचेही शिक्षण चालू होते, आधी फ्रेंच संगीतकार पॉल द्यूका आणि नंतर संगीतशिक्षिका नादिया बुलांजे यांच्याकडे. मे १९३५ मध्ये पॅरिसमधील पहिल्या मैफिलीला तीन दिवस उरले असताना द्यूका वारले. लिपाती यांनी गुरूंच्या स्मरणार्थ मैफिलीचा आरंभ बाखच्या एका भक्तिगीताने केला. मायरा हेस या इंग्लिश पियानोवादिकेने पियानोसाठी बसवलेली ती अगदी साधी, संथ रचना होती.

लिपाती यांची ओळख मात्र त्यांच्या वाजवण्याइतकीच त्यांच्या न वाजवण्यातून पटते. एखादी रचना लोकांसमोर आणण्याआधी ती आपल्या हातात वर्षानुवर्षे मुरली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. ध्वनिमुद्रिकांचे निर्माते वॉल्टर लेग यांनी बेथोव्हेनच्या ‘एम्परर’ कन्चेर्टोचे (पियानो आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचनेचे) नाव काढले, तेव्हा त्यांनी तयारीसाठी काही वर्षे मागून घेतली. हा विनय नव्हता. आपल्या कामाला किती वेळ लागतो याचा तो रोखठोक हिशेब होता. चुकीची ठरली ती शिल्लक आयुष्याची गृहीत धरलेली रक्कम.

१९४३ मध्ये, युद्ध चालू असताना, ते आणि पुढे त्यांची पत्नी झालेली पियानोवादिका मादलेन यांनी रोमानिया सोडून स्वित्झर्लंड गाठले. १९४४ पासून ते जिनिव्हाच्या संगीतशाळेत शिकवू लागले. तब्येतीच्या तक्रारी याच काळात सुरू झाल्या होत्या. १९४७ मध्ये निदान झाले, हॉजकिन्स, म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग. दूरदेशीचे दौरे रद्द होत गेले. ग्रीगचा कन्चेर्टो, वाद्यवृंदाचे संचालक काराजान यांच्यासह शूमानचा कन्चेर्टो, शोपाँच्या काही रचना असे मोजकेच काही मात्र ध्वनिमुद्रित झाले.

१९५० च्या उन्हाळ्यात कॉर्टिझोन या तेव्हा नव्या आणि अतिशय महागड्या औषधाने त्यांना काही आठवड्यांची उभारी दिली. ती संधी साधून लेग जिनिव्हाला आले, आणि जुलैच्या थोड्या दिवसांत रेडिओच्या स्टुडिओत बाखची पार्टिटा, मोझार्टचा ए मायनर सोनाटा (अनेक भागांची रचना) आणि शोपाँचे चौदा वॉल्ट्झ (तीन मात्रांच्या नृत्यलयीतल्या छोट्या रचना) मुद्रित झाले. त्यांतले वॉल्ट्झ ऐकताना वादक आजारी आहे, याचा पुसटसाही सुगावा लागत नाही. बोटे हलकी आहेत, लय खेळकर आहे, आणि करुणेची जाहिरात कुठेही नाही.

लिपाती यांच्या आणखी ध्वनिमुद्रणांची भूक लोकांना इतकी होती की, त्यांच्या नावावर प्रसिद्ध झालेला शोपाँचा एक कन्चेर्टो वर्षानुवर्षे ऐकला आणि वाखाणला गेला. १९८१ मध्ये उघड झाले की तो पोलिश पियानोवादिका हालिना चेर्नी-स्तेफान्स्का यांनी वाजवला होता. जाणत्यांच्या कानांनाही नावाची भुरळ पडते ती अशी.

बझाँसोंच्या मैफिलीत पार्टिटा झाली, मोझार्ट झाला, शूबर्टचे दोन इम्प्रॉम्प्टू (उत्स्फूर्त वाटणाऱ्या छोट्या रचना) झाले. मग वॉल्ट्झ सुरू झाले. चौदांचा क्रम लिपाती यांनी स्वतः लावला होता. तेरा वाजवून झाले, आणि चौदाव्यासाठी हातांत त्राण उरले नाही. थोड्या वेळाने त्यांनी वाजवली ती बाखच्या भक्तिगीताची तीच रचना, पंधरा वर्षांपूर्वी द्यूकांसाठी वाजवलेली.

२ डिसेंबर १९५० रोजी जिनिव्हात त्यांचे निधन झाले. बझाँसोंच्या मैफिलीची जी ध्वनिमुद्रिका आज ऐकायला मिळते, ती तेराव्या वॉल्ट्झपाशी संपते. बाखचे ते भक्तिगीत तिच्यात नाही.