एक लांब शिट्टी

(शेतघराचं अंगण. सकाळचे साडेआठ.)

नोव्हेंबरातला शनिवार. इंग्लंड आणि वेल्सच्या सीमेवरचा श्रॉपशर परगणा. धुकं अजून उठलेलं नाही, अंगणात घोटाभर चिखल आहे, आणि एकामागून एक जुन्या जीपगाड्या येऊन लागतायत. मागचं दार उघडलं की आधी वाफ बाहेर येते, मग ओल्या कुत्र्याचा वास, आणि मग कुत्रं.

त्या काळ्या लॅब्राडॉरकडे बघा. नाव मेग, वय दोन वर्षं, शिकारीवरचा पहिला दिवस. इथल्या कुत्र्यांची नावं अशीच, एका दमात संपणारी. वाऱ्यात दोनशे पावलांवरून हाक मारायची, तर नाव लांबलचक असून कसं चालेल? मेग थरथरतेय, पण थंडीनं नव्हे. तिची मालकीण शाळेत शिकवते. थरथरतेय तीही, जाड कोटामुळे दिसत नाही एवढंच.

या बाईंनी आयुष्यात बंदूक हातात धरलेली नाही आणि धरायचीही नाही. इथं जमलेल्यांपैकी कितीतरी जण असेच आहेत. ते येतात ते कुत्र्यासाठी.

(टेकडीचा उतार. मक्याचा वाळलेला पट्टा, मागे रान.)

शिकार आहे फेझंटची. लांब शेपटीचा, तांबूस सोन्यासारखा हा पक्षी आपल्या मोराच्या आणि रानकोंबड्याच्या भावकीतला. मूळचा आशियातला, पण ब्रिटनमध्ये शेकडो वर्षं रुळलाय. इंग्लंडमध्ये त्याचा हंगाम 1 ऑक्टोबर ते 1 फेब्रुवारी. रविवारी आणि नाताळच्या दिवशी बंदूक बंद.

पद्धत आपल्याला परकी नाही. जुन्या शिकारकथांतला हाका आठवा. एका बाजूनं हाकेवाल्यांची रांग रान उठवत येते, दुसऱ्या बाजूला बंदूकवाले थांबलेले. बहुतेक वेळा आठ-नऊ जण, प्रत्येकाची जागा क्रमांकाची खुंटी रोवून ठरवलेली. गंमत म्हणजे इथं त्या माणसालाच ‘गन’ म्हणतात. त्यांच्याही मागे, बऱ्याच अंतरावर, पडलेले पक्षी गोळा करणारी माणसं आणि त्यांची कुत्री. म्हणजे नवख्याला दोन जागा असतात, हाक्याच्या रांगेत किंवा बंदुकांच्या मागे. मेगच्या वाट्याला मागची आलीय.

आता प्रश्न असा, की दोन वर्षं खपून ती शिकली काय?

बसायला शिकली.

हे ऐकायला फार मोठं वाटत नाही. पण लॅब्राडॉरच्या डोळ्यांसमोर काही उडून जमिनीवर पडलं, की त्याच्या अंगातला कण न् कण म्हणतो, जा, आण. कॅनव्हासचा अर्ध्या किलोचा गठ्ठा असतो, त्याला डमी म्हणतात. सराव त्याच्यावर चालतो. दहा वेळा डमी फेकायची, त्यातल्या सात-आठ वेळा मालकानं स्वतः चालत जाऊन उचलून आणायची, आणि कुत्र्यानं तोवर बसून बघायचं. शेजारपाजारच्यांना वाटतं, यात नक्की शिकतंय कोण? पण असं केलं नाही, तर कुत्र्याची पक्की समजूत होते की पडेल ते सगळं आपलंच.

आपल्याकडच्या कारवानी कुत्र्याचं बरोबर उलटं. मुधोळकडचं ते सडपातळ, लांब पायांचं कुत्रं नजरेवर धावतं. ससा दिसला की सुटायचं, यातच त्याची अब्रू. इथं दिसल्याबरोबर सुटलं की अब्रू गेली. अर्थात आपल्याकडे 1972च्या वन्यजीव कायद्यानंतर ती शिकारच बंद झाली.

(जवळून: गळ्यातली शिट्टी.)

ही शिट्टी. बर्मिंगहॅमच्या ॲक्मे कंपनीच्या शिट्ट्यांना क्रमांक असतात. स्पॅनियल, म्हणजे झुडपांतून पक्षी उठवणारी कुत्री, पाळणारे बहुधा 210.5 घेतात, लॅब्राडॉरवाले 211.5. सूर ठरलेला असल्यामुळे एखादी चिखलात हरवली, तरी त्याच क्रमांकाची दुसरी आणली की कुत्र्याला फरक कळत नाही. तुटक चार-पाच फुंकरी म्हणजे परत ये. एक लांब फुंकर म्हणजे जिथं असशील तिथं बस आणि माझ्याकडे बघ. मग हातानं दाखवायचं, डावीकडे, उजवीकडे, अजून मागे. शिट्टी आणि हाताच्या खुणांनी कुत्रं लांबून चालवायची ही रीत रिट्रीव्हरांमध्ये, म्हणजे पडलेला पक्षी आणून देणाऱ्या कुत्र्यांमध्ये, रुजवण्याचं श्रेय स्कॉटलंडमधल्या फास्कलीच्या आर्चिबाल्ड बटर यांना देतात. मेंढपाळ कुत्री कशी चालवतात हे बघून त्यांनी ती उचलली, आणि त्यांच्या पीटर या लॅब्राडॉरनं 1911 साली रिट्रीव्हरांची अजिंक्यपदाची स्पर्धा जिंकली. लॅब्राडॉरला वेगळी जात म्हणून केनेल क्लबची, म्हणजे ब्रिटनमध्ये कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्थेची, मान्यता मिळाली होती 1903मध्ये. मूळ न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांबरोबर थंड पाण्यात उतरणारी ही कुत्री.

(पहिला हाका.)

रांग निघाली. काठ्या झाडांवर टकटक वाजतायत. काहींच्या हातात झेंडे आहेत, म्हणजे खताच्या रिकाम्या गोणीचा तुकडा काठीला बांधलेला. फडफडतो झकास.

रांगेत डावीकडून तिसरे एक निवृत्त पोस्टमन आहेत, त्यांच्याबरोबर स्प्रिंगर स्पॅनियल. हे कुत्रं आपलं नाक खाली घालून काटेरी झुडपात शिरतं, पक्षी बाहेर काढतं आणि पक्षी उडाला की खाली बसतं. बसायला हवं. कीपर, म्हणजे या रानाचा राखणदार, त्याला पक्षी हवे असतात थोडे थोडे, दोन-दोन, चार-चार. सगळे एकदम उठले तर बंदूकवाल्यांनी दोन बार काढायचे आणि पुन्हा छर्ऱ्याची काडतुसं भरेपर्यंत बाकीचे डोक्यावरून निघून गेलेले बघायचे.

आणि तेच होतं. एक कोंबडा, म्हणजे नर फेझंट, स्प्रिंगरच्या नाकाखालून उठतो आणि कुत्रं त्याच्यामागे. लांब शिट्टी वाजते. पुन्हा वाजते. तिसऱ्या वेळी ती शिट्टी राहत नाही, विनवणी होते. कुत्रं मक्याच्या पट्ट्यात घुसतं, आणि पुढच्या टोकाला गोळा झालेले सगळे फेझंट एका झटक्यात वर, काचांचं कपाट कोसळावं तसा आवाज करत.

हाका संपल्याचा भोंगा वाजतो. पोस्टमनकाका कुत्र्याला दोरी लावतात, कान लाल. कीपर शेजारून जातो, एक शब्द बोलत नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

रांगेतले जुने लोक मात्र हसतायत, आणि ते कुचेष्टेनं नाही. प्रत्येकाकडे असा एक हाका आहे. वरचेवर ऐकू येणारा सल्लाही एकच: पहिला हंगाम कुत्र्याला नुसतं बघू द्या. एक-दोन हाके, तेही दोरीत. दोन वर्षांची शिकवण एका सकाळी पुसली जाऊ शकते, कारण पाठलागाची चव एकदा लागली की ती खाऊपेक्षा गोड.

(तिसरा हाका. बंदुकांच्या मागे, कुंपणाशी.)

मेग दोरीत बसलीय. समोर बार वाजतायत. एक पक्षी तिच्यापासून दहा पावलांवर धप्पकन पडतो. तिची मान वळते, पुढचा एक पंजा उचलला जातो. बाईंची बोटं दोरीवर पांढरी पडलीयत. पंजा परत खाली येतो. कुणाचं लक्षही नसतं, पण आजच्या दिवसाची खरी कामगिरी हीच.

पडलेला मेलेला पक्षी कुठे जात नाही, तो नंतर हातानंही उचलता येतो. काळजी असते ती फक्त पंख मोडलेल्या पक्ष्याची. त्याला इथं रनर म्हणतात. तो पडतो, उठतो आणि पळत सुटतो. कुत्रं नसेल तर तो कुठल्यातरी जाळीत रात्रभर तडफडणार. या शिकारीला विरोध करणारी माणसं ब्रिटनमध्ये पुष्कळ आहेत. बंदुकीसाठी दरवर्षी कोट्यवधी फेझंट पाळून रानात सोडायचे, हे त्यांना पटत नाही, आणि त्यांचं म्हणणं सहज उडवून लावण्यासारखं नाही. पण बंदूक वाजणारच असेल, तर मागे चांगलं कुत्रं असणं ही किमान माणुसकी, हे दोन्ही बाजूंना मान्य व्हावं.

असाच एक कोंबडा ओढ्यापलीकडे पडलाय. बाईंच्या शेजारी उभे असलेले जुने जाणकार मानेनं खूण करतात: सोडा.

त्या घाई करत नाहीत. वारा कुठून येतोय ते बघतात, चार पावलं बाजूला सरकतात, म्हणजे वास कुत्र्याच्या तोंडावर येईल. ओलसर, थंड हवा वासाला चांगली. दोरी काढतात. नाव घेतात, फक्त नाव.

मेग ओढा ओलांडते, भलतीकडेच जाते. लांब शिट्टी. ती बसते, वळून बघते. उजवा हात बाहेर. पुन्हा पळते, आणि मग एके ठिकाणी तिचं डोकं खेचल्यासारखं खाली जातं, शेपूट गोल फिरायला लागते. आता शिट्टी खिशात. इथून पुढचं तिला कळतं, आपल्याला नाही.

कुंपणाकाठानं, काट्यांतून, दिसेनाशी. एक मिनिट. दोन.

परत येते ती तोंडात कोंबडा धरून. तो जिवंत आहे, मान ताठ, डोळा उघडा. जाणकार तो हातात घेतात आणि एका क्षणात त्याचा जीव संपवतात. मग अंगठा बरगड्यांवरून फिरवतात, कुत्र्यानं चावलंय का ते बघायला. एकही बरगडी मोडलेली नाही. ते पक्षी बाईंच्या हातात देतात आणि थर्मास उघडायला वळतात.

(संध्याकाळचे चार. तेच अंगण.)

नर-मादीच्या जोड्या सुतळीनं बांधून टांगल्यात. स्प्रिंगर गाडीत झोपलंय, शेपटीच्या टोकाला काट्यानं रक्त आलेलं. मेग ताठ बसून सगळं बघतेय. कीपर घरी निघालेल्या प्रत्येकाच्या हाती एक जोडी देतो. बाईंपाशी थांबतो.

“पुढच्या शनिवारी, साडेआठला.”

मग पोस्टमनकाकांकडे वळतो.

“तुम्ही पण. दोरी विसरू नका.”