रक्ताऐवजी घाम

श्रोतेहो, नमस्कार.

९ डिसेंबर १९९३ रोजी अमेरिकेच्या सिनेटमध्ये व्हिडिओ गेममधील हिंसेविषयी एक सुनावणी झाली. सिनेटर जोसेफ लिबरमन आणि हर्ब कोल यांनी ती बोलावली होती. व्हिडिओ गेममुळे मुले बिघडतात, हा आक्षेप तेव्हाही नवा नव्हता. माणसासारख्या आकृत्या गाडीखाली चिरडण्याच्या ‘डेथ रेस’ या खेळावर १९७६ मध्येच गदारोळ उठला होता आणि त्या गदारोळाने त्याचा खप वाढलाच होता.

१९९३ मधील वादाच्या केंद्रस्थानी ‘मॉर्टल कॉम्बॅट’ हा खेळ होता. हरलेल्या प्रतिस्पर्ध्याचे हृदय उपटून काढण्याची किंवा मणक्यासह शिर तोडण्याची मुभा त्यात होती, आणि त्यातील पात्रे हाताने काढलेली चित्रे नसून खऱ्या नटांच्या छायाचित्रणातून तयार केलेली होती, त्यामुळे ही दृश्ये पालकांना अधिक झोंबली. सप्टेंबरमध्ये तो घरगुती यंत्रांवर आला, तेव्हा ही यंत्रे विकणाऱ्या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांपैकी निन्तेंडोने रक्ताचा रंग बदलून त्याचा राखाडी घाम केला होता. सेगाच्या आवृत्तीत मात्र बटणे ठराविक क्रमाने दाबली की रक्त परत येई. तीच आवृत्ती अधिक खपली.

हा तपशील लक्षात घेतल्याशिवाय त्या सुनावणीतील नैतिक संताप नीट समजत नाही. निन्तेंडोचे हॉवर्ड लिंकन यांनी आपल्या कंपनीच्या सोवळेपणाचा दाखला दिला. त्यावर पूर्वी निन्तेंडोतच नोकरी केलेले सेगाचे बिल व्हाइट यांनी निन्तेंडोची बाझूकासारखी खेळण्यातील बंदूक पुढे केली. दोघेही मुलांच्या भल्याविषयी बोलत होते, पण हे भांडण मुख्यतः बाजारपेठेचे होते, असे मला वाटते.

‘नाइट ट्रॅप’ या दुसऱ्या खेळावर तर उघड अन्याय झाला. घरात शिरलेल्या रक्तपिपासू आकृत्यांपासून मुलींना वाचवणे, हे त्यात खेळाडूचे काम. कॅमेऱ्यांतून खोल्यांवर नजर ठेवायची आणि वेळ साधून हल्लेखोरांना सापळ्यात पाडायचे. ज्या दृश्यावर सर्वाधिक टीका झाली, त्यात झोपेच्या कपड्यांतील एका मुलीवर हल्ला होतो, आणि ते दृश्य खेळाडू तिला वाचवण्यात अपयशी ठरला तरच दिसते. तरीही बायकांना छळण्याचा खेळ अशी त्याची ख्याती झाली. बड्या खेळण्यांच्या दुकानांनी त्याच महिन्यात तो विक्रीतून काढला आणि जानेवारीत सेगाने तो मागे घेतला. लिंकन यांनी हा खेळ निन्तेंडोच्या यंत्रावर कधीही येणार नाही, असे सांगितले होते. २०१८ मध्ये तो निन्तेंडोच्याच ‘स्विच’ या यंत्रावर आला, आणि ‘टीन’ म्हणजे तेरा वर्षांवरील मुलांना चालेल अशा शिक्क्यानिशी आला.

हे शिक्के त्याच गदारोळातून जन्मले. उद्योगाने स्वतः व्यवस्था केली नाही तर सरकार करील, असा इशारा मिळाल्यावर १९९४ मध्ये ‘ईएसआरबी’ हे मंडळ स्थापन झाले. कोणत्या वयासाठी खेळ योग्य आहे, हे डब्यावर छापले जाऊ लागले. त्याच वर्षी निन्तेंडोने ‘मॉर्टल कॉम्बॅट’च्या दुसऱ्या भागात रक्ताला परवानगी दिली, कारण आता जबाबदारी शिक्क्याकडे सोपवता येत होती. संतापलेल्या सिनेटरांनी ‘नाइट ट्रॅप’ नीट पाहिला नसेल. पण दहा वर्षांच्या मुलाला हा डबा कोण विकतो, हा त्यांचा प्रश्न रास्त होता, आणि त्यावर दबावाखाली निघालेला हा तोडगा मला बंदीपेक्षा शहाणपणाचा वाटतो.

पुढे कॅलिफोर्नियाने २००५ मध्ये हिंसक खेळ अल्पवयीनांना विकण्यास मनाई करणारा आणि त्यासाठी दंड ठेवणारा कायदा केला. २७ जून २०११ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो सात विरुद्ध दोन मतांनी रद्द केला. बहुमताच्या वतीने लिहिताना न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया यांनी जुन्या परीकथांतील क्रौर्याची आठवण करून दिली आणि मुलांसाठीच्या साहित्यातून हिंसा वगळण्याची परंपरा त्या देशात नाही, असे म्हटले. विरोधी मत देणाऱ्या न्यायमूर्ती स्टीफन ब्रेयर यांची अडचण वेगळी होती. तेरा वर्षांच्या मुलाला नग्न स्त्रीचे चित्र असलेले मासिक विकण्यास कायदा मनाई करू शकतो, मग ज्या खेळात तोच मुलगा एका स्त्रीला बांधून, छळून ठार करतो, तो विकण्यास का करू शकत नाही, असे त्यांनी विचारले. परीकथांचा दाखला मला पटतो, परंतु ब्रेयर यांच्या या प्रश्नाला तो पुरा पडत नाही.