मध्यरात्रीची साडेचार मिनिटं

२७ एप्रिल १९८६. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्रीचे बारा बत्तीस. एचबीओ या पैसे भरून बघायच्या चॅनलवर सिनेमा चालू आहे. मध्येच पडद्यावर रंगीत पट्टे येतात आणि त्यांवर अक्षरं: ‘गुड ईव्हनिंग एचबीओ, कॅप्टन मिडनाइटकडून. महिन्याला १२.९५ डॉलर? जमणार नाही!’ साडेचार मिनिटांनी सिनेमा पुन्हा सुरू.

हा कॅप्टन म्हणजे फ्लोरिडातल्या ओकाला गावचा जॉन मॅकडूगल. धंदा डिश विकण्याचा.

त्या काळातली डिश म्हणजे अंगणात उभी केलेली दहा फुटांची परातच. चॅनलवाले केबल ऑपरेटरसाठी उपग्रहावरून जे पाठवत, ते उघडंच असे. परात बसवली की फुकटात हाती लागे, आणि १९८४ च्या कायद्यानं घरगुती डिशवाल्यांना मोकळं प्रक्षेपण बघायची मुभाही दिली होती. १५ जानेवारी १९८६ ला एचबीओनं चोवीस तास स्क्रॅम्बलिंग, म्हणजे प्रक्षेपण विस्कटून पाठवणं, सुरू केलं. आता ते पुन्हा जुळवणारा ३९५ डॉलरचा डबा घ्या, वर दरमहा पैसे भरा. डिशची विक्री बसली. मॅकडूगल जवळच्या उपग्रह केंद्रावर अर्धवेळ नोकरीला लागला, आणि तिथं त्याच्या हाताखाली आली तीस फुटांची डिश. ही वरून येणारं पकडणारी नव्हे, खालून वर पाठवणारी.

उपग्रहाला मालक ओळखता येत नाही. जो सिग्नल जोरात येईल तोच तो खाली परत पाठवतो. एचबीओनं कुलूप लावलं होतं ते खाली येणाऱ्या चित्राला. वर जायची वाट सताड उघडी होती.

तो सापडला कसा? पडद्यावरच्या अक्षरांचं वळण कुठल्या यंत्राचं, यावरून तपास सुरू झाला. त्यात हमरस्त्यावरच्या फोनवर कुणी तरी त्याचं बोलणं ऐकलं आणि कळवलं. पाच हजार डॉलर दंड, वर्षभर प्रोबेशन. त्याच वर्षी उपग्रहाच्या प्रक्षेपणात ढवळाढवळ करणं हा अमेरिकेत गंभीर गुन्हा ठरला.

खरी चोरी मात्र दुसरीकडेच चालली होती. एचबीओच्या त्या डब्याचं नाव व्हिडिओसायफर टू. त्यात आवाजाला डीईएस नावाची भक्कम गूढलिपी होती, चित्राला मात्र जुजबी उलटसुलट. चोरांनी गूढलिपीला हातच लावला नाही. त्यांनी डबा उघडून आतली चिप बदलली. एका चॅनलचे पैसे भरायचे, बाकीचे आपोआप उघडायचे. कुलूप न फोडता बिजागरी काढण्यातला प्रकार! मग कंपनी किल्ली बदलणार, डबा आंधळा होणार, गिऱ्हाईक पुन्हा चिप बदलून देणाऱ्या दुकानदाराकडे पैसे मोजायला जाणार. ‘फुकट’ टीव्ही असा हप्त्याहप्त्यानं महाग पडत गेला.

पंधरा वर्षांनी डायरेक्टीव्ही या उपग्रह टीव्ही कंपनीच्या कार्डांवर, म्हणजे डब्यात घालून चॅनल उघडणाऱ्या चिपच्या कार्डांवर, हाच खेळ रंगला. कंपनी महिनोन् महिने कार्डाकडे कोडचे बारीक तुकडे पाठवत राहिली. सुटे पाहिले तर निरर्थक, म्हणून चोरांनीही ते आपल्या कार्डांत राहू दिले. २१ जानेवारी २००१, सुपर बोल या अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या आधीचा रविवार. त्या दिवशी तुकडे जुळले आणि चोरटी कार्डं एका फटक्यात मेली. कार्डात एक जागा अशी असते की तिथं एकदा लिहिलेलं पुसता येत नाही. तिथं आठ अक्षरं कोरली गेली: गेम ओव्हर.

पुढं चोरट्या कार्डांचं सामान विकणाऱ्या दुकानदारांच्या वह्या जप्त झाल्या. त्यांत ज्यांची नावं सापडली त्यांच्या घरी हजारो डॉलर मागणारी पत्रं गेली. कार्ड लिहिण्याचं यंत्र कुणी साध्या, कायदेशीर कामासाठी घेतलं असेल, तर त्याच्याही दारात तेच पत्र.