मेसरश्मिटची मस्तकं

डोळे गच्च मिटलेले. ओठ आत ओढून तोंडाची नुसती एक पट्टी उरलेली. मानेच्या शिरा ताठलेल्या. डोक्यावर टोप नाही, अंगावर वस्त्र नाही. हा सरदार की सेवक, हे कळायला शिल्पकाराने काही खूणच ठेवलेली नाही.

व्हिएन्नाच्या बेल्व्हेडेर संग्रहालयात अशी मस्तकं आहेत, काही कथील-शिशाची, काही अलाबास्टर या मऊ, फिकट दगडाची. घडवणारा फ्रान्झ झेव्हर मेसरश्मिट, जन्म १७३६. याच संग्रहालयात त्याने केलेला महाराणी मारिया थेरेसाचा भव्य पुतळाही आहे, घोळदार राजवस्त्रातला. दरबाराला हवं ते घडवण्यात तो कुठेच कमी नव्हता.

१७७४ मध्ये व्हिएन्नाच्या कला अकादमीतलं प्राध्यापकपद मात्र त्याला नाकारलं गेलं. अधूनमधून याचं डोकं ठिकाणावर नसतं, असं चान्सलर काउनिट्झ यांनी महाराणीला कळवलं होतं. पुढे त्याने व्हिएन्ना सोडलं आणि १७७७ मध्ये तो प्रेसबर्गला, आजच्या ब्रातिस्लाव्हात, जाऊन राहिला.

तिथे १७८१ मध्ये बर्लिनचे प्रकाशक फ्रिडरिश निकोलाई त्याला भेटले. त्याची कामाची रीत त्यांनी लिहून ठेवली आहे, म्हणून आपल्याला कळते. तो उजव्या बरगड्यांखाली स्वतःला चिमटा काढायचा, आरशासमोर हवा तसा चेहरा करायचा आणि कामाला लागायचा. अर्ध्या मिनिटाने पुन्हा आरसा, पुन्हा तोच चेहरा, तंतोतंत. भुतं आपल्याला छळतात, अशी त्याची खात्री होती. शरीराच्या प्रमाणांचं गुपित आपल्याला उमगलं, म्हणून एक भूत आपल्यावर जळतं, असं तो सांगे.

एवढी वेदना सोसणाऱ्या माणसाचा हात किती स्थिर होता, ते कपाळावरच्या आठ्या पाहा. एकेक आठी वेगळी, दोन्ही बाजूंना सारखी तोललेली. नुसत्या वेड्याच्या हातून हे होत नाही.

१७८३ मध्ये तो गेला. दहा वर्षांनी व्हिएन्नात ४९ मस्तकांचं प्रदर्शन भरलं आणि तेव्हा कुणीतरी त्यांना नावं चिकटवली: ‘अट्टल बदमाश’, ‘बद्धकोष्ठाने बेजार’. लोक हसले असतील. तीच नावं आजही संग्रहालयांच्या पाट्यांवर आहेत. मेसरश्मिटने यांतलं एकही दिलेलं नाही. पाटी न वाचता चेहरा पाहावा, असं आम्हाला मनापासून वाटतं.

दोन मस्तकं या सगळ्यांहून निराळी. मान लांबवलेली, ओठ पक्ष्याच्या चोचीसारखे पुढे ताणलेले. त्यांतलं एक बेल्व्हेडेरमध्ये आहे. निकोलाईंनी या दोन मस्तकांबद्दल विचारलं, तेव्हा मेसरश्मिट त्या मस्तकांकडे धड पाहीना. त्या भुताने मला चिमटे काढले, मीही त्याला काढले, आणि त्यातून ही आली, एवढंच त्याने सांगितलं.